नाताळचा बाजार आणि शिधा

नाताळ जवळ आला की मंडणगडसारख्या तालुक्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांना वाण्याच्या उधारीची चिंता पडते. २०२२ च्या दिवाळीत शासनाने पात्र शिधापत्रिकाधारकांना १०० रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला होता : रवा, साखर व चणाडाळ प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल. नेवऱ्यांचे अर्धे साहित्य त्यातच आले! २०२५ च्या गणेशोत्सवात मात्र तो मिळाला नाही. तेव्हा त्यावर विसंबू नये.

२२ सप्टेंबर २०२५ पासून तूप, लोणी, बदाम यांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, बिस्किटांवरील १८ वरून ५. जुन्या साठ्यावरील किंमत म्हणूनच नीट पाहावी. नारळ-काजू तर पुष्कळांच्या वाडीतच असतात. उरलेला जिन्नस दोन-तीन घरांनी मिळून घाऊक आणावा, असे आम्ही सुचवितो.