वर्गातील वृत्तपत्र आणि कालामांची कसोटी

परिपाठात दिनविशेष व सुविचार यांच्यानंतर बातम्यांचे वाचन होते. पाच-सहा मथळे वाचले जातात आणि विद्यार्थी आपापल्या वर्गात जातात. बातमी कानी पडते. परंतु ती कोणी सांगितली आणि तिला आधार कोणता, याची विचारणा होतेच असे नाही. या दृष्टीने इंग्लंडमधील एका उपक्रमाचा परिचय येथे करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

‘द डे’ हे खास शाळांसाठी काढलेले ऑनलाइन वृत्तपत्र २०११ साली सुरू झाले. ‘डेली एक्सप्रेस’चे माजी संपादक रिचर्ड ॲडिस हे त्याचे संस्थापक होत. शाळा वर्गणी भरतात व शिक्षक त्यातील लेख वर्गात वाचावयास देतात. चालू घडामोडीतील एखादा विषय घेऊन त्यावर एक प्रश्न उभा केला जातो. कठीण शब्दांचे अर्थ आणि चर्चेसाठी प्रश्न सोबत असतात. ‘आपणांस काय माहीत आहे’ आणि ‘काय माहीत नाही’ हे वेगवेगळे मांडण्याची त्यातील पद्धत आम्हांस विशेष मोलाची वाटते.

या भेदाचे महत्त्व वसतिगृहातील मुलांच्या बाबतीत अधिकच आहे. पावसाळ्यात एखाद्या गावचा पूल वाहून गेल्याचा निरोप कोणाच्या तरी मोबाइलवर येतो. त्या गावचे मूल रात्रभर झोपत नाही. नदीला पूर आला आहे, हे ज्ञात; पूल पडला, हे अद्याप अज्ञात; एवढे वेगळे करता आले, तरी त्याचे मन थाऱ्यावर राहते.

भगवान बुद्धांनी केसपुत्त येथील कालामांना हीच दृष्टी दिली. केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, किंवा सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून काहीही स्वीकारू नका. ते अकुशल आहे की कुशल, हे स्वतः जाणून घ्या आणि मग सोडा वा आचरा, असा त्या उपदेशाचा आशय आहे. ज्यांचा आवाज इतर पत्रांत उमटत नव्हता, त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. तो वारसा सांगणाऱ्या शाळेत बातमी नुसती पाठ करून भागणार नाही.

‘द डे’ इंग्रजीत आहे व त्यास वर्गणी पडते. मात्र त्याची रीत कोणत्याही मराठी दैनिकावर चालविता येते. आठवड्यातून एक तासिका घ्यावी. फळ्यावर ‘ज्ञात’, ‘अज्ञात’ व ‘मते’ असे तीन रकाने आखावेत आणि एकाच बातमीतील वाक्ये मुलांनी त्यांत वाटून लिहावीत. एखादे वाक्य कोणत्या रकान्यात घालावे, यावर वाद झाला, तर शिक्षकांनी निर्णय देण्याची घाई करू नये. तो वाद हाच त्या तासिकेचा खरा पाठ होय.