जन्मांधाचा दोष काय?

१८४४ च्या सुमारास काशीत नीळकंठशास्त्री गोरे नावाचा एक कोकणस्थ तरुण संस्कृतात ग्रंथ लिहीत होता. वय जेमतेम एकोणीस. जॉन म्यूर या कंपनी सरकारातल्या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ लिहून, तीही संस्कृतात, ख्रिस्ती धर्म खरा असल्याचं प्रतिपादन केलं होतं. तीन पंडितांनी त्याला उत्तरं लिहिली. त्यातलं सर्वांत धारदार उत्तर गोऱ्यांचं, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. त्यांचे आक्षेप थेट वर्मावर बोट ठेवणारे होते. पूर्वजन्म मानायचा नाही, तर एखादं मूल दुःखातच का जन्मतं? पापपुण्य न कळणाऱ्या मुक्या जनावरांना यातना कशासाठी? आणि चार दिवसांच्या आयुष्यात घडलेल्या पापाला कधीच न संपणारा नरक, हा कुठला न्याय?

पुढे १८४८ मध्ये जौनपूरला याच गोऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला. नीळकंठशास्त्र्यांचे नेहेम्या गोरे झाले, धर्मगुरू झाले, आणि १८९५ मध्ये मुंबईत वारले. पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरावर त्यांच्या लिखाणाचा मोठा प्रभाव होता. पण शंका काही त्यांना सोडून गेल्या नाहीत. स्वभावच मुळाशी जाणारा. ख्रिस्ती धर्मातल्या पाप आणि ईश्वरी हेतू या विषयावर मराठीत काही लिहायचं तर सुरुवात गोऱ्यांपासूनच करावी असं मला वाटतं, कारण आजही लोक जे प्रश्न विचारतात त्यातले बहुतेक त्यांनी आधीच, आणि जास्त नेमकेपणाने, विचारून ठेवले आहेत.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नव्हता. ब्रह्मसूत्रांत ‘वैषम्य’ आणि ‘नैर्घृण्य’ असे दोन दोष ईश्वरावर येतात का, याचा विचार आहे: तो पक्षपाती आहे का, निर्दय आहे का. सूत्रकारांचं उत्तर, ईश्वर प्रत्येकाला कर्मानुसार फळ देतो आणि संसार अनादि आहे, म्हणून पहिलं कर्म कुठलं हे विचारताच येत नाही. ख्रिस्ती धर्माला ही वाट मोकळी नाही. त्याच्या मते सृष्टीला आरंभ आहे, ती एकट्या देवाने निर्माण केली, आणि ती चांगली होती. मग वाईट आलं कुठून? जबाबदारीचा सगळा भार एकदम देवाच्या दारात येऊन पडतो. पाप, आदिपाप, कृपा, तारण या शब्दांमागची दोन हजार वर्षांची खटपट हा भार पेलण्यासाठीच चालली आहे.

मराठी भाषेने तो भार फार लवकर पाहिला. थॉमस स्टीफन्स हा इंग्लिश जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये सासष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, लिपी रोमन, भाषा मराठी. त्यातले श्रोते गप्प बसून ऐकत नाहीत. ते मधेच प्रश्न विचारतात आणि पाद्री गुरू उत्तर देतो. पुराण ऐकायला बसलेल्या माणसाला शंका येणारच हे त्या परदेशी माणसाला पक्कं ठाऊक होतं.

आधी पाप म्हणजे काय, ते पाहू. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, ही निषिद्ध गोष्टींची यादी असेल. दहा आज्ञा आहेतच, पण पापाची ख्रिस्ती कल्पना त्यांच्याहून खोल जाते. ती नात्याची कल्पना आहे: देवाकडे पाठ फिरवणं, आणि त्यातून शेजाऱ्याशी, सृष्टीशी, स्वतःशी असलेलं नातं मोडणं. कॅथलिक परंपरा प्राणघातक पाप आणि लहान पाप असा भेद करते. पाप प्राणघातक ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव हवी, आणि कृत्य स्वतःच्या मोकळ्या इच्छेने केलेलं हवं. भीतीने, बळजबरीने, व्यसनाच्या किंवा आजाराच्या जोरात घडलेल्या गोष्टीचा दोष त्या प्रमाणात कमी होतो. ही अट पुष्कळ श्रद्धाळूंनाही नीट सांगितलेली नसते, आणि त्यामुळे कित्येक हळवी माणसं नको ती ओझी जन्मभर वाहतात.

गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात तो पापनिवेदनाचा संस्कार इथेच येतो. लाकडी जाळीच्या अलीकडे माणूस गुडघे टेकतो, मागचं पापनिवेदन कधी झालं ते सांगतो आणि मग एकेक गोष्ट उच्चारतो. जाळीपलीकडून धर्मगुरू ऐकतो, काही प्रार्थना किंवा एखादं सत्कृत्य प्रायश्चित्त म्हणून सांगतो आणि देवाच्या नावाने क्षमा उच्चारतो. ऐकलेलं त्याने कुणालाही सांगायचं नाही. जाणूनबुजून सांगितलं तर तो तत्क्षणी धर्मबहिष्कृत होतो. एक तपशील मात्र बाहेर फारसा माहीत नसतो: चोरी कबूल केली की काम भागत नाही. चोरलेलं परत करावं लागतं, बदनामी केली असेल तर ती भरून काढावी लागते. ‘पाप करा, कबूल करा, मोकळे व्हा’ ही जी समजूत आपल्याकडे आहे ती या संस्काराला अन्याय करणारी आहे. बहुतेक प्रोटेस्टंट पंथांत हा मध्यस्थ नाही, माणूस थेट देवापुढे कबुली देतो. पण पश्चात्ताप तोच आणि भरपाईही तीच.

आता मूळ प्रश्न. देव सर्वशक्तिमान आणि चांगला असेल तर त्याने पापाला जागाच का ठेवली? उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) या प्रश्नाशी आयुष्यभर झगडला. त्याच्या आत्मचरित्रातला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. सोळा वर्षांचा असताना मित्रांच्या टोळक्याबरोबर रात्री त्याने शेजारच्या झाडाची नासपती चोरली. भूक नव्हती, आणि याहून चांगली फळं त्याच्याकडे होती. चोरलेली बरीचशी डुकरांपुढे टाकली. मग चोरली का? प्रौढ ऑगस्टीन या क्षुल्लक चोरीवर पानंच्या पानं लिहितो, कारण तिच्यात त्याला पाप निखळ रूपात दिसतं. लाभासाठी नाही, गरजेपोटी नाही, फक्त मना केलेलं करण्याच्या गोडीपोटी. वाईट ही स्वतंत्र वस्तू नाही, चांगल्याचा अभाव आहे, ते देवाने निर्माण केलेलं नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. स्वातंत्र्य चांगलं आहे, आणि ते दिलं की ते वाकडं जाण्याची शक्यता आलीच. नकार देण्याची मुभाच नसेल, तर प्रेमाला अर्थ उरत नाही.

इथवर ऑगस्टीन पटतो. पुढे ब्रिटनहून आलेल्या पेलागियस या तपस्व्याशी त्याचा वाद झाला. माणूस स्वतःच्या बळावर नीट वागू शकतो, आदामाचं पाप आदामापुरतं, असं पेलागियसचं मत. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने ते नाकारलं. ऑगस्टीनचं म्हणणं, आदिपाप सगळ्या मानवजातीत जन्मतःच उतरतं. एकदा हे मानलं की तर्काने पुढची पायरी येतेच: बाप्तिस्म्याविना मेलेली तान्ही मुलंही दोषी, त्यांना शिक्षा, भले ती सर्वांत सौम्य असेना का. इथे मला वाटतं, एका थोर माणसाचा तर्क त्याच्या काळजाला मागे टाकून पुढे गेला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने ही वाट धरलीच नाही. त्यांच्या मते आदामाकडून आपल्याला मृत्यू आणि दुबळेपण मिळतं, त्याचा अपराध मिळत नाही. ऑगस्टीनच्याही आधी, दुसऱ्या शतकात, लिआँच्या इरेनिअसने आदाम-हव्वेला अजून वाढायची असलेली लेकरं मानलं होतं. त्याच्या लेखी माणूस घडवला जातो आहे, आणि पडणं-उठणं हा त्या घडण्याचा भाग आहे.

पश्चिमेत मात्र त्या तान्ह्या मुलांचा प्रश्न शतकानुशतकं ठसठसत राहिला. मध्ययुगात ‘लिंबो’ नावाचा तोडगा निघाला: वेदना नसलेली, पण देवाचं दर्शनही नसलेली जागा. हा कधीच अधिकृत सिद्धान्त झाला नाही, तरी शिकवला मात्र सर्वत्र गेला. आयर्लंडमध्ये अशा बाळांना पवित्र दफनभूमीत जागा मिळत नसे. ‘किलीनी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या वेगळ्या दफनजागा आजही शेताच्या कडेला, पडक्या भिंतींजवळ सापडतात. खुणेला एखादा ओबडधोबड दगड, नाव नाही. आईबापांनी बहुधा अंधारातच तिथे जाऊन मूल पुरलेलं. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने अशी बाळं देवाच्या दयेवर सोपवली, आणि २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे, असं सविस्तर निवेदन प्रसिद्ध केलं. निर्दोषाच्या दुःखाविषयी गोऱ्यांनी जो आक्षेप घेतला होता, त्याच्या एका बाजूला हे फार उशिरा मिळालेलं उत्तर आहे.

पण बहुतेकांना खरा प्रश्न पडतो तो धर्मसभेत नाही, इस्पितळाच्या बाकावर. माझ्या हातून काय पाप घडलं म्हणून हे माझ्या वाट्याला आलं? याच ठिकाणी बायबलची भूमिका मला सर्वांत मोलाची वाटते, आणि तिचे अनुयायीच ती सर्वांत जास्त विसरतात. जुन्या करारातला ईयोब सर्वस्व गमावून राखेत बसतो. तीन मित्र येतात, सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसून राहतात. इथपर्यंत ते खरे मित्र. मग तोंड उघडतात आणि त्याला पटवू लागतात की तू कुठेतरी चुकला असशील, देव उगाच शिक्षा करत नाही. ईयोब ते मान्य करत नाही. शेवटी देव वावटळीतून बोलतो, दुःखाचं कारण एका शब्दानेही सांगत नाही, पण मित्रांवर रागावतो: तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत. देवाची बाजू घेणाऱ्यांनाच देव फटकारतो.

योहानाच्या शुभवर्तमानात हाच प्रश्न येशूपुढे येतो. वाटेत जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही पर्याय खोडून काढतो. याच्या ठायी देवाचं कार्य प्रकट व्हावं, एवढंच म्हणतो, थुंकीने माती कालवतो, त्याच्या डोळ्यांना लावतो आणि सिलोआमच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. कुणी म्हणेल, म्हणजे देवाने एका चमत्कारासाठी माणसाला इतकी वर्षं अंधारात ठेवलं? आक्षेप खरा आहे, आणि भाष्यकारांनी तो टाळलेला नाही. पण प्रसंगाचा रोख पाहा. शिष्यांना अंधत्वाचा उगम हवा आहे, येशू तो सांगत नाही आणि हाताला माती लावून घेतो. लूकच्या शुभवर्तमानात तर तो आणखी स्पष्ट आहे. सिलोआमचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती काय यरुशलेममध्ये इतरांहून जास्त पापी होती? नाही, असं तो स्वतःच उत्तर देतो, आणि ऐकणाऱ्यांना म्हणतो, तुम्ही आपलं मन बदला.

ख्रिस्ती जगाने हे ऐकलं का? १ नोव्हेंबर १७५५ रोजी सर्व संतांच्या सणाला, सकाळची मिस्सा चालू असताना लिस्बनला प्रचंड भूकंप झाला. भक्तांनी भरलेली चर्च कोसळली, मागून समुद्र शहरात घुसला, मग आग. गाब्रिएल मालाग्रिडा या जेझुइटाने पुस्तिका काढून सांगितलं की हे शहराच्या पापांचं फळ आहे. सरकार तेव्हा लोकांना ढिगारे उपसायला आणि घरं बांधायला लावत होतं. शक्य असलेल्या सगळ्या जगांत हे जग उत्तम आहे, असं तत्त्वज्ञ लाइबनिट्सने १७१० मध्ये मांडलं होतं. भूकंपानंतर त्या समाधानावर व्हॉल्टेअरने १७५९ मध्ये ‘कांदीद’ लिहून घाव घातला. मालाग्रिडा पुढे वेगळ्याच राजकीय भोवऱ्यात सापडला आणि १७६१ मध्ये त्याला क्रूरपणे मारण्यात आलं. ती क्रूरता निंद्यच. पण ढिगाऱ्याखालच्या माणसांकडे बोट दाखवणारी त्याची ती पुस्तिका त्याच्याच धर्मग्रंथाच्या विरुद्ध होती, हे म्हणायलाच हवं.

मग देवाचा हेतू वगैरे काही नसतोच का? ख्रिस्ती श्रद्धा तसं म्हणत नाही. योसेफाला भावांनी विकलं. बऱ्याच वर्षांनी तो मिसरचा कारभारी झालेला असताना दुष्काळात तेच भाऊ धान्यासाठी दारात आले, आणि पुढे त्याने त्यांना सांगितलं की तुमचा बेत वाईट होता, देवाने त्याचं चांगलं केलं. यात एक बारकावा आहे. भावांचं कृत्य दुष्टच राहतं, देवाने ते करवलं असं योसेफ इथे म्हणत नाही. आणखी एक: हे बोलण्याचा हक्क ज्याने सोसलं त्याचा. ‘यात देवाचा काही हेतू असेल’ हे वाक्य शोकात बुडालेल्या माणसाला बाहेरच्याने ऐकवलं की त्याची धार बदलते.

रमाबाईंचे आईवडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले, १८८२ मध्ये पती गेले. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलीबाळी शेकड्यांनी गोळा करून आणल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. उपाशी पोरींना आधी जेवू घातलं गेलं. आपल्या दुःखाला काही हेतू होता का, हे रमाबाईच सांगू शकत होत्या, आणि त्यांनी सांगितलंही, पण आधी बैलगाड्या जुंपल्या.

राहिला अनंत नरकाचा प्रश्न. चौथ्या शतकातल्या नीस्साच्या ग्रेगरीने शेवटी सगळेच तरतील अशी आशा बाळगली. चर्चने तसं ठामपणे शिकवणं नाकारलं, पण एक गोष्ट कधीच केली नाही. अमुक माणूस नरकात आहे, असं कॅथलिक चर्चने कुणाही एकाविषयी अधिकृतपणे जाहीर केलेलं नाही, अगदी येशूला धरून देणाऱ्या यहूदाविषयीही नाही. संतांची नावं शेकड्यांनी जाहीर होतात, दुसरी यादी अस्तित्वातच नाही. तरी आत्महत्या केलेल्याला शतकानुशतकं चर्चचा अंत्यविधी नाकारला जाई, त्याच्या घरच्यांना तोंड लपवावं लागे. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतून ती बंदी वगळली गेली. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने सांगितलं की तीव्र मानसिक वेदना, भय किंवा छळ माणसाची जबाबदारी कमी करतात, अशांच्या तारणाची आशा सोडू नये, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. ती तीन अटींची जुनी मोजपट्टी इथे अखेर योग्य माणसाच्या बाजूने वापरली गेली. एखाद्या घरात असं काही घडलं, तर आज त्या घरच्यांनी पॅरिशमध्ये जाऊन मिस्सा मागावी. तो त्यांचा हक्क आहे.