वरून मिटलेली जखम

महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक १९८५ साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. विदर्भातील धरणगावच्या देशपांडे घराण्याची ही कथा. कर्ते तात्याजी गेले आहेत आणि त्यांच्या दिवसकार्यासाठी मुंबईहून सुधीर व अंजली आले आहेत. नाटक सर्वपरिचित आहे. परंतु वैद्यकीय व्यावसायिकाने त्यातील एका जखमेकडे मुद्दाम पाहावे असे वाटते.

वाड्यासमोर एक ट्रॅक्टर गंजत पडला आहे. घरातील कामे मुकाट्याने उपसणाऱ्या चंदूच्या पायाला तो लागतो आणि जखम चिघळत जाते. घरात माणसे भरपूर आहेत. पण तेराव्याचा खर्च, घराण्याची प्रतिष्ठा आणि वाटणी यांतून त्या पायाकडे पाहण्यास कुणास सवड नाही.

अशा मळक्या, खोल जखमेचे काय करावे, हे आपण जाणतो. ती उघडून धुवावी, मृत ऊती काढाव्यात, धनुर्वाताची लस द्यावी आणि तळापासून भरू द्यावी. घाईने वरून शिवली तर आत पू साठतो.

त्याच घरातील इतर जखमा मात्र वरून शिवलेल्या आहेत. शिकण्याची प्रभाची उमेद वडिलांनी मोडली. ते दुःख कडवटपणा होऊन राहिले. भावाभावांतील तेढ रीतिरिवाजांखाली झाकली गेली. अखेर तरुण रंजू दागिने घेऊन शिकवणीच्या मास्तरांबरोबर निघून जाते, तेव्हा आतला पू बाहेर येतो.

आपल्या दवाखान्यांतही असे रुग्ण येतात. न भरणारा व्रण घेऊन आलेल्या वृद्धाची आपण रक्तशर्करा तपासतो, ते आवश्यकच आहे. पण ‘ड्रेसिंग घरी कोण करतं?’ एवढे विचारले, तर कित्येकदा उत्तराऐवजी मौन मिळते. ते मौनही निदानाचाच भाग होय. अशा वेळी मुलाला किंवा सुनेला बोलावून, दोष न देता, पट्टी कशी बांधावी हे शिकवावे. पट्टी बांधताना दोन माणसे समोरासमोर बसतात. थांबलेले बोलणे तेथून सुरू होऊ शकते.

भरून आलेल्या त्वचेची ताकद मूळ त्वचेच्या फार तर ८० टक्के होते, असे शस्त्रक्रियाशास्त्र सांगते. दुरावलेली नातीही पूर्ववत होतीलच असे नाही. तरीही त्या ८० टक्क्यांवर माणूस चालतो, काम करतो, उभा राहतो.