बाहुलीवरचा सराव म्हणजे खेळ नव्हे

रात्री तीन वाजता वॉर्डात एखाद्या रुग्णाचं हृदय बंद पडतं, तेव्हा खाटेजवळ बहुधा सिस्टर किंवा ब्रदरच असतात. डॉक्टर पोहोचेपर्यंतची पहिली दोन-तीन मिनिटं त्यांच्या हातात असतात, मग नोकरीचा तो पहिला आठवडा का असेना. त्या मिनिटांची तयारी सिम्युलेशनमध्ये, म्हणजे बाहुलीवर खऱ्यासारखा प्रसंग उभा करून केलेल्या सरावात होते, आणि तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत.

गैरसमज : बाहुलीवर शिकून खरा रुग्ण कसा हाताळणार?

वस्तुस्थिती : नॉर्वेतले खेळण्यांचे उत्पादक आस्मुंड लार्दाल यांनी १९६० मध्ये तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी ‘रेसुसी अॅन’ ही बाहुली आणली; छाती दाबण्याची सोय तिच्यात नंतर आली. छाती दाबण्याचा सराव जिवंत माणसावर करताच येत नाही. आज अशा बाहुलीला (मॅनिकिनला) नाडी असते आणि मॉनिटरवरचा आलेख बदलता येतो. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात नर्सिंगच्या वॉर्डातल्या तासांपैकी निम्म्यापर्यंत तास चांगल्या सिम्युलेशनने भरून काढले, तरी विद्यार्थ्यांची तयारी कमी पडली नाही. अट एकच, शिकवणारे त्यात तयार झालेले हवेत.

गैरसमज : मॉनिटरवर सरळ रेष आली की शॉक द्यायचा.

वस्तुस्थिती : हे सिनेमात घडतं. आधी रुग्णाला जोडलेली मॉनिटरची तार (लीड) सुटली नाही ना, ते पाहायचं. रेष खरंच सरळ असेल तर शॉकचा उपयोग नाही. छाती दाबत राहायची आणि अॅड्रेनलिन द्यायचं. शॉक लागतो तो हृदय नुसतं थरथरत असताना. तिथे मात्र काहीच केलं नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते.

गैरसमज : एकदा छाती दाबण्याच्या प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट मिळालं की झालं.

वस्तुस्थिती : छाती ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची, दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची आणि दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं, पण हातातलं हे कसब तीन ते सहा महिन्यांतच ओसरू लागतं. अधूनमधून दहा मिनिटांचा सराव त्यावर उपाय आहे.

गैरसमज : सिम्युलेशन म्हणजे चुका पकडायची परीक्षा.

वस्तुस्थिती : खरं शिक्षण प्रसंग संपल्यावरच्या चर्चेत होतं. कुठे थबकलीस, तेव्हा मनात काय होतं, हे न रागावता विचारलं जातं. नव्या मुलीला सर्वांत जड जातं ते वरिष्ठांसमोर बोलणं. “सर, दोन मिनिटं झाली, हात बदला” हे वाक्यसुद्धा तोंडात बसावं लागतं. “अॅड्रेनलिन एक मिलिग्रॅम दिलं” असं मोठ्याने परत सांगण्याची सवयही अशीच लागते.

महागडी यंत्रणा नसली तरी अडत नाही. साधी बाहुली आणि आपल्याच वॉर्डातली क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची ढकलगाडी) घेऊन सराव केला, तर कुठलं औषध कुठल्या खणात आहे आणि कुलपाची किल्ली कोणाकडे असते, हेही त्याच दिवशी कळतं. रुग्णालयांना विनंती एवढीच, हा सराव ड्यूटीच्या वेळेत ठेवा. रात्रपाळी करून दमलेल्या मुलीला सुटीच्या दिवशी बोलावून नको.