घरातच ऑफिस आहे? मग घरपट्टीची पावती फाईलला लावून ठेवा. पण सूट कोणाला, हे आधी बघा

नारायणगाव/मंचर : मार्च महिन्यात ग्रामपंचायतीचा शिपाई दारात येतो, थकबाकीचा आकडा सांगतो, आपण कुरकुरत पैसे भरतो आणि पावती देवघराच्या फळीवर नाहीतर कपाटात जाते. पुढं ती सापडत नाही. पण ज्यांचा धंदा घरातूनच चालतो त्यांच्यासाठी हीच पावती आयकराच्या हिशेबात खर्चाचा पुरावा असते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत अशी माणसं आता कमी नाहीत. विमा एजंट, टेलरिंगवाल्या ताई, घरी बसून हिशेब लिहिणारे, प्लॅन काढणारे इंजिनिअर, वस्तीवरच्या एका खोलीत दोन कॉम्प्युटर मांडून ऑनलाइन कामं करणारी पोरं.

आयकर कायदा १९६१ च्या कलम ३० नुसार, धंद्यासाठी वापरलेल्या जागेवर भरलेला स्थानिक कर, दुरुस्ती आणि विम्याचा हप्ता हा धंद्याचा खर्च धरला जातो. घराचा काही भाग राहायला आणि काही भाग धंद्याला असेल तर कलम ३८ प्रमाणे फक्त धंद्याच्या वाट्याचा हिस्सा मिळतो. कर ग्रामपंचायतीचा असो, जुन्नर नगरपरिषदेचा असो की मंचर नगरपंचायतीचा, तिन्हीकडं नियम एकच. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू असल्यामुळं कलमांचे आकडे बदललेत. २०२५-२६ च्या उत्पन्नाचं रिटर्न मात्र जुन्याच कायद्याप्रमाणं भरायचं.

आता खरी गोम. बहुतेक छोटे धंदेवाले कलम ४४एडी खाली रिटर्न भरतात. म्हणजे उलाढालीच्या ८ टक्के (बँकेतून किंवा ऑनलाइन आलेल्या पैशावर ६ टक्के) नफा दाखवायचा आणि मोकळं व्हायचं. डॉक्टर, वकील, इंजिनिअर अशांना ४४एडीए आहे, तिथं जमा रकमेच्या ५० टक्के उत्पन्न धरतात. या दोन्ही पद्धतींत सगळे खर्च आधीच वजा झाले असं कायदा मानतो. त्यामुळं घरपट्टी परत वेगळी वजा करता येत नाही. कोणी ‘करून देतो’ म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका. आणि घरपट्टीच्या चारशे रुपयांसाठी ४४एडी सोडायच्या नादालाही लागू नका. एकदा बाहेर पडलं की पाच वर्षं परत आत येता येत नाही, शिवाय वह्या आणि ऑडिटचं लचांड मागं लागू शकतं.

मग फायदा कोणाला? कमिशनवर काम करणाऱ्यांना. विमा एजंट, दलाली-आडत करणारे यांना ४४एडी लागूच होत नाही. त्यांनी जमा-खर्च खराखुरा मांडायचा असतो आणि आयटीआर-३ भरायचा असतो. कमिशनमधून टीडीएस आधीच कापलेला असतो. खर्च नीट दाखवला तर करपात्र उत्पन्न खाली येतं, आणि कर कमी बसला तर कापलेले पैसे परत मिळतात. पावत्या नाहीत म्हणून खर्चच न दाखवणारे एजंट आपलेच पैसे सोडून देतात.

समजा एका एजंटचं घर ९०० चौरस फुटांचं आहे आणि त्यातली १३५ चौरस फुटांची पुढची खोली ऑफिस आहे. वाटा झाला १५ टक्के. घरपट्टी २,८०० रुपये असेल तर त्यातले ४२० धंद्याचे. वर्षाचं लाईट बिल १४,००० असेल तर २,१००. पावसाळ्यात गळती लागली म्हणून छपराच्या दुरुस्तीला ४०,००० गेले तर ६,०००. बेरीज ८,५२०. वीस टक्क्यांच्या टप्प्यात बसणाऱ्याचे साधारण सतराशे रुपये वाचतील. एकट्या घरपट्टीचे चौऱ्याऐंशीच. पण खोलीचा वाटा एकदा कागदावर मांडला की बाकीच्या खर्चालाही तोच लागतो. दुरुस्ती म्हणजे दुरुस्तीच हं, वर नवी खोली चढवली तर तो खर्च यात बसत नाही. आणि कांद्याच्या दिवसांत त्या खोलीत गोण्या रचत असाल, पाहुणे झोपत असतील, तर वाटा तेवढा कमी धरा.

नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर लागत नाही, मग कशाला एवढी यातायात, असं कोणी म्हणेल. धंद्याचे खर्च नव्या प्रणालीतही वजा होतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी ५,००० रुपयांच्या वर गेलं की कराचा दर ठरवताना ते जोडून धरतात. टोमॅटोला बाजार सापडलेल्या वर्षी एजंटकी करणाऱ्या शेतकऱ्याला १२ लाखांच्या आत असूनही कर बसू शकतो.

कर प्रत्यक्ष भरलेला पाहिजे, नुसती मागणी आलेली चालत नाही. पाच वर्षांची थकबाकी एकदम भरली आणि धंदा दोनच वर्षांपासून असेल तर आधीची तीन वर्षं सोडून द्या. ज्या घरात धंदा नाही, नुसतं राहतो, त्याच्या घरपट्टीला काहीच सूट नाही. घर भाड्यानं दिलं असेल तर मात्र मालकानं भरलेली घरपट्टी भाड्यातून पूर्ण वजा होते आणि उरलेल्या रकमेवर आणखी ३० टक्के वजावट मिळते.

आपल्याकडं सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. नमुना ८ ला अजून आजोबांचंच नाव, पावतीवर तेच, आणि धंदा नातवाचा. कलम ३० मध्ये जागा मालकीचीच हवी अशी अट लिहिलेली नाही, पण पैसे आपण भरले हे दाखवता आलं पाहिजे. म्हणून रोख देऊ नका. स्वतःच्या खात्यावरून ऑनलाइन भरा, नमुना १० ची पावती घ्या आणि घराचा, खोलीचा मापाचा साधा नकाशा काढून सोबत ठेवा. वारसनोंद रखडली असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं अर्ज देऊन त्याची पोच घ्या. रिटर्न भरण्याआधी ही फाईल एकदा कर सल्लागाराला दाखवा, कारण घर चार भावांत सामाईक असेल तर कोणी किती दाखवायचं हे त्यालाच ठरवू द्यावं लागेल.