विंडोज ११ : ही एक सेटिंग आजच बघा

विंडोज ११ मायक्रोसॉफ्टकडे दोन प्रकारची माहिती पाठवतं. 'रिक्वायर्ड' म्हणजे कॉम्प्युटरची रचना, अपडेट नीट बसलं का वगैरे. होम आणि प्रोमध्ये ती बंदच करता येत नाही. जास्त पैसे मोजून घेतलेल्या प्रोमध्येही ही सक्ती असावी, हे मला अजिबात पटत नाही.

'ऑप्शनल'मध्ये मात्र बरंच काही जातं: कोणती ॲप्स कशी वापरता, एजमध्ये कोणत्या साइट्स बघता. सिस्टीम क्रॅश झाली, तर तेव्हा उघड्या असलेल्या फाइलचा तुकडाही रिपोर्टसोबत जाऊ शकतो!

सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डायग्नॉस्टिक्स अँड फीडबॅक इथे जाऊन 'ऑप्शनल' बंद करा. खालचं 'डिलीट डायग्नॉस्टिक डेटा'ही दाबा. नवा लॅपटॉप सुरू करतानाही ही माहिती पाठवायची का, असा प्रश्न येतो, तिथे घाईघाईत 'ॲक्सेप्ट' करू नका.