खैरलांजीची बातमी महिनाभर कुठे होती?

२ ऑक्टोबर २००६. अशोक विजयादशमी. धम्मदीक्षेला पन्नास वर्षे पूर्ण होत होती आणि दीक्षाभूमीवर देशभरातून लाखो लोक आले होते. त्याच्या तीनच दिवस आधी, २९ सप्टेंबरच्या संध्याकाळी, नागपूरला लागून असलेल्या भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी गावात सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका आणि मुले रोशन व सुधीर यांना जमावाने ठार मारले होते. प्रेते कालव्यात टाकली होती. मारले गेलेले कुटुंब बौद्ध होते. तरीही दीक्षाभूमीवर आलेल्या बहुतेकांच्या कानावर ही गोष्ट गेली नाही. राज्याला खैरलांजी कळली ती नोव्हेंबरमध्ये, लोक रस्त्यावर उतरल्यावर.

त्या वेळी देशात आणीबाणी नव्हती. कुठल्या संपादकाला छापू नका असा लेखी आदेश आल्याचे कोणी म्हटलेले नाही. मग बातमी दबली कशी? हे समजून घेतले पाहिजे, कारण बातमी दाबण्याची ती पद्धत आजही चालू आहे.

पहिला घाव शब्दांचा

घटनेमागचा क्रम साधा होता. ३ सप्टेंबरला भोतमांगे कुटुंबाचे नातेवाईक, पोलीस पाटील सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली. सुरेखाताई आणि प्रियंकाने त्याची साक्ष दिली. त्या प्रकरणातील आरोपी २९ सप्टेंबरला जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी भोतमांगेंच्या घरावर हल्ला झाला. त्याआधीही शेतातून रस्ता नेण्यावरून या कुटुंबाचा गावाशी वाद होताच.

पण सुरुवातीच्या बातम्यांत साक्ष नव्हती, जमीन नव्हती, जातही नव्हती. होते ते ‘अनैतिक संबंध’ आणि चिडलेले गावकरी. या दोन शब्दांनी काय साधले ते पाहा. मारली गेलेली बाई संशयित झाली, मारणारा जमाव नीतीचा राखणदार झाला आणि हत्याकांड गावातले भांडण होऊन आतल्या पानावर गेले. स्वतंत्रपणे गावात जाऊन माहिती गोळा करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या सत्यशोधन अहवालांमुळे हे चित्र बदलले. पुढे हलगर्जीपणाबद्दल पोलीस अधिकारी आणि डॉक्टरांचे निलंबनही झाले.

दुसरा घाव शिक्क्याचा

नोव्हेंबरमध्ये भंडारा, नागपूर, अमरावती पेटून उठले. मोर्चांत आपल्या वस्त्यांतील महिला पुढे होत्या. तेव्हा तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी या आंदोलनामागे नक्षलवाद्यांचा हात असल्याची शंका बोलून दाखवली. झाले! चर्चेचा विषयच बदलला. चौघांना कोणी मारले हे बाजूला पडले आणि मोर्चा कोणी काढला याची चौकशी सुरू झाली.

हा शिक्का जुना झालेला नाही. खैरलांजीवर पुस्तक लिहिणारे डॉ. आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीच्याच दिवशी, एल्गार परिषद प्रकरणात शरण जावे लागले. त्याच प्रकरणात नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग आणि प्राध्यापिका शोमा सेन यांना ६ जून २०१८ ला यूएपीए कायद्याखाली अटक झाली होती. तेलतुंबडे यांना २०२२ मध्ये, तर शोमा सेन यांना २०२४ मध्ये जामीन मिळाला. म्हणजे आरोप सिद्ध होण्याआधीच एकाची अडीच वर्षे, दुसरीची जवळपास सहा वर्षे गेली. हे पाहिल्यावर गावातला पत्रकार किंवा कार्यकर्ता लिहिण्याआधी दहा वेळा विचार करतो. त्याला वेगळी बंदी घालावी लागत नाही.

तिसरा घाव निकालात

सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. १४ जुलै २०१० ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची शिक्षा दिली. ॲट्रॉसिटी कायदा दोन्ही ठिकाणी टिकला नाही. ही सूडाची घटना मानली गेली, जातीची नाही.

याचे एक कारण कायद्याच्या शब्दांत होते. तेव्हाच्या कलम ३(२)(५) नुसार गुन्हा पीडिताच्या जातीच्या कारणावरूनच झाला हे सिद्ध करावे लागे. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, पीडिताची जात माहीत असताना गुन्हा केला, एवढे पुरेसे ठरवले. हा बदल लोकांच्या लढ्यातून आला.

आपण काय करायचे?

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढला, कारण दुसऱ्याच्या पत्रात आपली बाजू येणार नाही हे त्यांनी ओळखले होते. आज प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. पण तारीख नाही, गाव नाही, अशी पोस्ट पुढे ढकलणे म्हणजे बातमी देणे नव्हे. उद्या ती खोटी ठरली तर खऱ्या घटनेवरचाही विश्वास उडतो.

म्हणून अत्याचाराची घटना कळली की आधी गावात जा. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती घ्यायला लावा आणि ॲट्रॉसिटीची कलमे लागली का ते वाचा. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडेच आहे का, हे विचारा. कलम १५अ नुसार आरोपीच्या जामीन अर्जाची सूचना पीडिताला मिळाली पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. साक्षीदाराला संरक्षण मागा. खैरलांजीत साक्ष देणाऱ्यांचाच जीव गेला, हे विसरू नका. आणि सगळे तारखेनिशी लिहून ठेवा. पीडित स्त्रीची ओळख मात्र कुठेही उघड करू नका.

भैयालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ ला नागपुरात वारले. आपले कुटुंब जातीमुळे मारले गेले, हे एवढे एक वाक्य त्यांना निकालात हवे होते. ते त्यांना मिळाले नाही. पुढच्या भैयालालला ते मिळायचे असेल, तर पहिल्या दिवसाचा पहिला कागद आपल्याला नीट लिहावा लागेल.

जयभीम!